विहीणबाईंचं फास्टर

२० फेब्रुवारी २००५, सनीव्हेल

विहीणबाई आल्या, आणि पहिल्याच वाक्याला मी माती खाल्ली.

नाव चार दिवस घोटून ठेवलं होतं. केदारने त्यांच्या तिकिटाचा कागद फ्रिजवर लावला होता. त्यावर इंग्रजीत बी-ओ-आर-जी-एच-आय-एल-डी. त्यात न कळण्यासारखं काय आहे? जी-एच म्हणजे घ. घोरपडे, घाटे, वाघमारे, सगळे असेच लिहितात. एअरपोर्टवर मी पुढे झाले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हटलं, "वेलकम, बोरघिल्डताई." मारित, म्हणजे आमची सून, आठवा महिना सरत आलेला, पोट धरून हसायला लागली. केदार म्हणाला, आई, तिला हसवू नकोस, डिलिव्हरी इथेच व्हायची.

गाडीत मारितने समजावलं. नॉर्वेत म्हणे दोन शब्द एकमेकांना चिकटवून टाकतात, मधे फट ठेवत नाहीत. तिच्या आईचं नाव म्हणजे 'बोर्ग' आणि 'हिल्ड'. जी एकाचा, एच दुसऱ्याचा, त्यांचा घ करायचा नाही. शेवटचा ड लिहायचा पण म्हणायचा नाही. बोर्ग-हिल. सांधा कुठे आहे ते ओळखता आलं की झालं, नाही आलं की माझ्यासारखं होतं.

पण मी एकटीच नाही हं. मागच्या सीटवरून विहीणबाई पुढे वाकल्या, गोड हसल्या आणि म्हणाल्या, "शोब-हाना." माझ्या शोभनातला भ त्यांनी मधोमध फोडला. मी त्यांचा सांधा बुजवला, त्यांनी माझ्यात नसलेला सांधा पाडला. फिट्टंफाट.

बाई उंच आहेत, केस कापलेले आणि पांढरेशुभ्र, चालणं तरतरीत. हामार नावाच्या गावी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये होत्या, परदेशचे कॉल जोडून द्यायच्या. आता माझ्यासारख्याच रिटायर. इंग्रजी येतं का विचारलं तर बोटांची चिमूट दाखवून "लिट्ल, लिट्ल" म्हणाल्या. माझं इंग्रजी नागपूरच्या वीज मंडळातलं. पोरं दिवसभर ऑफिसात. बाळ येईपर्यंत आम्ही दोघी समोरासमोर बसून काय बोलणार आहोत, देव जाणे.

२३ फेब्रुवारी

विहीणबाईंना ताक आवडतं. नवलच म्हणायचं.

परवा दुपारी वरण-भात, बटाट्याची भाजी जेवून झाली. त्यांनी ताट जरासं सरकवलं आणि माझ्याकडे बघून स्पष्ट म्हणाल्या, "ताक फॉर मातन." पुढचं नाही कळलं, पण ताक कळलं. जेवणानंतर ताक मागणारी बाई म्हणजे आपल्यातलीच की. मी लगेच उठले, दही घुसळलं, आलं-जिरं-हिंग लावून पेलाभर दिलं. त्यांनी पेल्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि औषध घ्यावं तसं एका दमात पिऊन टाकलं. रात्री पुन्हा तेच. आज सकाळी तर टोस्ट खाल्ल्यावरसुद्धा मागितलं. टोस्टवर ताक मला पटलं नाही, पण पाहुण्याला नाही कसं म्हणायचं?

१ मार्च

दह्याचा डबा आठवड्यात तिसऱ्यांदा संपला तेव्हा केदारने कारण विचारलं आणि सगळं बाहेर आलं. 'ताक' म्हणजे थँक्स. जेवण झालं की ज्याने रांधलं त्याला उठायच्या आधी म्हणायचंच, जेवणासाठी आभार. नॉर्वेत लहान पोरंसुद्धा म्हणतात. आणि विहीणबाईंना वाटत होतं, भारतात आभार मानले की असं आंबट पाजायची पद्धत आहे, आणि ते प्यायलं नाही तर अपमान होतो.

हसून हसून माझ्या बरगड्या दुखल्या. संध्याकाळी जेवणं झाली. त्यांनी "ताक फॉर मातन" म्हटलं, आणि मी बसून राहिले तर स्वतःच रिकामा पेला पुढे केला. आवडायला लागलंय म्हणे, विशेषतः हिंग.

फोनवर ह्यांना सांगितलं. म्हटलं, अडतीस वर्षं तुम्हाला जेवायला घातलं, ताक कितीदा दिलं त्याचा हिशोब नाही, पण 'ताक' एकदाही कानावर आलं नाही.  मग हे म्हणाले, कॉलिंग कार्ड संपत आलं असेल ना तुझं?

५ मार्च

आज मन बरं नाही. रुचाला फोन केला होता.

लिहून तरी टाकते. माझी दोन्ही मुलं ह्याच देशात आहेत, एक ह्या टोकाला सनीव्हेलला, एक त्या टोकाला आयसेलिनला, आणि दोन वर्षं एकमेकांशी बोलत नाहीत. केदार-मारितने कोर्टात लग्न केलं. आम्हाला आधी फोन करून सांगितलं, पण रुचाला फोन करायचा राहिला. राहिला म्हणजे उद्या करतो, परवा करतो. मग सगळ्या मित्रांना फोटो पाठवले त्यात तिचंही नाव टाकलं. सख्ख्या बहिणीला भावाचं लग्न ई-मेलने कळलं. तिने उत्तर दिलं नाही. ह्याने विचारलं नाही. दोन दिवाळ्या गेल्या, भाऊबीज कोरडी.

मला एवढंच हवंय की बारशाला रुचाने यावं. बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा. दुसरी आत्या आणू कुठून? पण रुचा म्हणाली, "आई, मला सगळ्या गावाबरोबर कळलं. बाळाचं नावही कळेल तसंच." शांतपणे म्हणाली. ओरडली असती तर बरं वाटलं असतं, ओरडणारी रुचा मला माहीत आहे.

केदारला म्हटलं, तू कर फोन. तो म्हणाला, ती उचलणार नाही, मग कशाला? दोघंही ह्यांच्यावर गेलीत.

विहीणबाई समोरच बसून इंग्रजी पेपरातले चौकोन भरत होत्या. पेपर आला की पेन घेऊन चौकोनांत अक्षरं भरत बसतात, वेळ जायला हवा ना बिचारीचा. माझे डोळे पाहून पेन खाली ठेवलं आणि ताक करून आणलं. मीठ जास्त झालं होतं.

१२ मार्च

आज मोठाच शोध लागला.

मारितच्या पोटाकडे बोट करून विहीणबाई म्हणाल्या, "बाण." मी म्हटलं, बाण? धनुष्यबाण? मारितने लिहून दाखवलं: बी-ए-आर-एन, म्हणजे मूल. लिहितात र आणि न, पण दोन्ही मिळून ण होतो. ण! ह्या देशात येऊन दोन महिने झाले, इथल्या एकाही माणसाच्या तोंडून ण ऐकला नाही. आणि ही बाई घरचा असल्यासारखा काढते. मग मी म्हटलं, बघू तरी, आणि "बाळ" म्हणून दाखवलं. त्यांनी जीभ मागे वळवली आणि म्हणाल्या, "बाळ." ळ सकट. त्यांच्या गावाकडे ल असाच जाड म्हणतात म्हणे. आमच्या केदारच्या इथल्या मित्रांची मुलं बाळाला 'बाल' म्हणतात आणि आईबापांना काही वाटतसुद्धा नाही.

मग आम्ही दुपारभर तेच केलं. मी कमळ म्हणायचं, त्यांनी कमळ. पोळी. फळ. त्या म्हणाल्या "बाणेबाण", टाळी वाजवून बाणे एकीकडे, बाण दुसरीकडे. बाळाचं बाळ, म्हणजे नातवंड. मला टाळी जमली पण भलत्या ठिकाणी पडली, बा-णेबाण. त्यांनी माझा हात धरून नीट जागेवर वाजवला. टाळी सांध्यावर पडली की शब्द उलगडतो, हे मला आता पटलंय.

मारित म्हणाली, तिच्या आईला इतकं बोलताना तिने कित्येक वर्षांत पाहिलं नाही. बोलत कुठे होतो, ण आणि ळ खेळत होतो.

२२ मार्च

मुलगी झाली. दोघी सुखरूप.

एवढंसं तोंड, केस काळे, रंग कोणाचा ते अजून ठरायचंय. डोळे उघडले तर निळसर दिसले. नर्स म्हणाली पुढे बदलतात. बदलोत नाहीतर राहोत. मी आणि विहीणबाई कॉरिडॉरमध्ये एकमेकींना मिठी मारून रडलो. ती उंच असल्यामुळे माझं तोंड तिच्या स्वेटरमध्ये गेलं आणि लोकरीने नाक हुळहुळलं. आज दुसरं काही लिहीत नाही.

२४ मार्च

कालपासून विहीणबाई एकच धरून बसली आहे. बाळाला घेते, स्वतःच्या छातीवर बोट ठेवते आणि म्हणते, "मुरमुर."

मी विचार केला, ताकाच्या वेळी आभारांना ताक समजले, आता फसायचं नाही. पण ती पुन्हा तेच, बोट स्वतःकडे, मुरमुर. तिला भूक लागलीय एवढं तर उघड होतं. म्हणून आज दवाखान्यात जाताना इंडियन स्टोअरमधून मुरमुऱ्यांचं पाकीट घेतलं, शेंगदाणे-कांदा घालून भडंग केलं आणि डबा तिच्यापुढे ठेवला. तिने मनापासून खाल्लं. मूठभर खाऊन पुन्हा बाळाकडे वळली, "मुरमुर." मी म्हटलं, अगं आहेत अजून.

मारितला टाक्यांमुळे हसता येत नव्हतं, ती उशी तोंडावर धरून थरथरत होती. मूर म्हणजे आई. मुर-मुर म्हणजे आईची आई. ती स्वतःची ओळख करून देत होती. पुण्याची असते तर चुरमुरे म्हणत असते आणि घोटाळा झाला नसता.

आणि मी कोण? तर मी 'फारमूर'. फार म्हणजे बाप. बापाची आई. इंग्रजीत दोघी ग्रँडमा, आपल्यात दोघी आजी. हिच्याकडे मात्र कोण कुठून आली ते शब्दातच लिहिलेलं. मी टाळी वाजवून म्हणून पाहिलं, फार-मूर. बरोबर सांध्यावर पडली.

कधीपासून मी तिला 'ती' म्हणायला लागले कोण जाणे. राहू दे तसंच.

२९ मार्च

बारसं पाडव्याला ठरलं. बाराव्या दिवशी जमत नव्हतं, केदारला सुट्टी नाही. पाडवा शनिवारी आलाय, मुहूर्त बघायला नको. नाव पोरांनी ठरवलंय, ते आत्याशिवाय कोणाला सांगायचं नाही असं मीच बजावलंय. मारित एवढंच म्हणाली की आईच्या नावाचे हाल बघून तिने जोड नसलेलं, छोटंसं नाव निवडलंय, कुठून तोडायचं हा प्रश्नच नको.

विहीणबाईला मी हातवारे करून सगळं बारसं समजावलं. बाहुली म्हणून उशी घेतली. पाळणा असा, घुगऱ्या अशा, मग कानात नाव. ती म्हणाली, "फास्तर?"

मी जरा भरभर केलं. ती पुन्हा, "फास्तर?" ट त्यांचा मऊ आहे, पण इंग्रजी 'फास्टर' मला कळतं, वीज मंडळात साहेब दिवसभर तेच म्हणायचे. मी आणखी भरभर केलं, उशीचं नाव सुद्धा ठेवून टाकलं. तिने मान हलवली आणि हॉलमधल्या भिंतीकडे बोट केलं, जिथे घड्याळ आहे आणि खाली केदार-रुचाचा लहानपणचा फोटो. घड्याळ दाखवते मला.

२ एप्रिल

फास्टर, फास्टर. चार दिवस हेच. घुगऱ्यांचे हरभरे निवडत होते, आली आणि म्हणाली, फास्तर? बाळाचं झबलं शिवत होते, फास्तर? आणि घड्याळाकडे बोट. मी साठीची बाई, पहाटे उठून बाळाला तेल लावते, बाळंतिणीचा डिंक-मेथी सगळं माझ्या अंगावर, अजून किती फास्टर होऊ? आजपर्यंत एवढी गुणी वाटली होती. शेवटी सासूच ती, कोणाची का असेना. अबोला धरला.

केदार म्हणाला, आई, ती तुला कशाला घाई करेल? तुझा काहीतरी गैरसमज आहे. मी म्हटलं, इंग्रजी मला शिकवू नकोस. मारित वरच्या खोलीत बाळाजवळ झोपलेली, तिला उठवून ह्यात कोण ओढणार?

४ एप्रिल

रुचाला शेवटचा फोन केला. म्हटलं, शनिवारी आहे, तू नसलीस तर मी आत्याच्या जागी कोणालाही बसवणार नाही, नाव न ठेवता राहील बाळ. ती म्हणाली, आई, मला मीटिंग आहे. तिने फोन ठेवला आणि मी रिसीव्हर हातात धरून तिथेच सोफ्यावर रडले. सांगायला लाज नाही, हुंदके देऊन रडले.

विहीणबाईने अबोला वगैरे काही मानलं नाही. शेजारी येऊन बसली, माझ्या पाठीवरून हात फिरवला. माझ्या हातातून फोन काढून घेतला, मला आत जाऊन पडायला खुणेने सांगितलं. मी खोलीत आले तर बाहेर तिचा आवाज. फोनवर काहीतरी बोलली, थोडंसंच. नॉर्वेला लावला असेल. तिला बाई फोन म्हटला की हात शिवशिवतात, जन्म त्यात गेला.

नंतर मी बाहेर आले तर तिने माझ्याकडे एकच डोळा मिटून बघितलं. कार्पेटची धूळ गेली असावी. मी डोळ्यात घालायला गुलाबपाणी दिलं.

६ एप्रिल

आज झालं ते सगळं लिहूनच टाकते.

दुपारी बेल वाजली. दार उघडलं तर रुचा. केस विस्कटलेले, हातात फक्त ऑफिसची बॅग. माझे दोन्ही खांदे धरून म्हणाली, "काय झालंय? बाळाला काय झालंय? तुला काय झालंय?" मी म्हटलं, कुठे काय, वरण फोडणीला टाकतेय. ती तिथेच चपलांच्या शेजारी खाली बसली.

मग कळलं. सोमवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी गेली तर आन्सरिंग मशीनवर निरोप; तिच्या घरचा नंबर आमच्या फोनजवळ लिहिलेला आहेच. अनोळखी बाईचा आवाज, अगदी स्वच्छ: रुचा, मी बोर्गहिल, मारितची आई. प्लीज कम. फास्टर. एवढंच. नंतर हिने इथे फोन लावला तर सारखा एंगेज. काल दिवसभरही एंगेज. मग अतुलने, म्हणजे जावयाने, सकाळच्या विमानाचं तिकीट काढून दिलं. इकडे फोनचा रिसीव्हर हॉलमधल्या फोनवर नीट ठेवलेला नव्हता, तिरका पडला होता. कोणाचं लक्षच नव्हतं.

सगळ्यांनी विहीणबाईकडे पाहिलं. तिने रुचाकडे बोट केलं, मग बाळाकडे, आणि म्हणाली, "फास्तर." आणि मग भिंतीकडे. घड्याळाकडे नाही, खालच्या फोटोकडे. फोटोतल्या दोन वेण्यांच्या मुलीकडे.

मारितने कपाळावर हात मारला. फार म्हणजे बाप, सोस्तर म्हणजे बहीण. फार-सोस्तर. बोलून बोलून दोन्ही शब्द इतके घासले गेले की सांधा दिसेनासा झाला आणि उरलं 'फास्तर'. बापाची बहीण. आत्या. इंग्रजीत ह्याला शब्द नाही, आपल्याकडे आहे आणि त्यांच्याकडे आहे. आठवडाभर ही बाई मला विचारत होती, ह्या बाळाची आत्या कुठे आहे? आणि मी हरभरे भरभर निवडत होते.

मी तिचे दोन्ही हात धरून माफी मागितली, मराठीतच. ती म्हणाली, "ताक." आभारच असावेत, पण मी ताक केलं.

बिचारीला काय माहीत इंग्रजीत फास्टरचा अर्थ काय होतो ते. देवाचीच करणी म्हणायची. रुचा मात्र तिच्याकडे बराच वेळ टक लावून बघत होती, आणि मग पहिल्यांदा हसली.

बाळ रुचाच्या मांडीवर दिलं. त्याचं बोट हातात धरून बसून राहिली. संध्याकाळी केदार आला. दारात थबकला. "हाय," एवढं भिंतीला म्हणाला. तिने भिंतीलाच मान हलवली. रुचा शनिवारपर्यंत राहते म्हणाली, संध्याकाळच्या विमानाचं परतीचं तिकीट आहे. बाळासाठी राहतेय हे तिने तीनदा सांगितलं.

७ एप्रिल

एका घरात दोघं, आणि सगळी बोलणी मारितमार्फत. "रुचाला विचार चहा हवा का." रुचा पुढ्यात बसलेली. मारित म्हणाली, आईचं एक्स्चेंज मी माहेरी सोडून आले आणि इथे मलाच कॉल जोडावे लागतायत.

ह्यांनी फोनवर सांगितलं, शोभना, तू मध्ये पडू नकोस. मी पडत नाहीये. पण दोन दिवसांत नाही बोलली तर मग कधी?

९ एप्रिल, गुढीपाडवा

सकाळी बाल्कनीत गुढी उभारली. काठी पडद्याच्या रॉडची, तांब्या नव्हता म्हणून स्टीलचा पेला. विहीणबाईने गाठ अशी मारली की वाऱ्याने हलेना. खालून जाणाऱ्या एका आजोबांनी विचारलं, हे काय आहे? केदारने न्यू इयर सांगितलं. एप्रिलमध्ये? असं म्हणून ते मान हलवत गेले.

दुपारी बारसं. पाळण्याखालून बाळ पलीकडे द्यायचं असतं, पण इथल्या पाळण्याला खाली ड्रॉवर. मग लाँड्री बास्केट दोन खुर्च्यांवर ठेवली आणि तिच्याखालून दिलं-घेतलं. केदारचे मित्र, त्यांच्या बायका, शेजारच्या रत्नाकाकू, हॉल भरला होता. रुचा माझी हिरवी पैठणी नेसली होती. मारितने तिच्या कानात नाव सांगितलं. मी बघत होते, रुचाचे डोळे भरून आले.

आता आपल्याकडे पद्धत अशी की आत्या बाळाच्या कानाशी वाकून कुर्र करते आणि नाव सांगते, तेव्हा मागून सगळ्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. का घालतात मला विचारू नका. रुचा वाकली. कुर्र केलं. बायकांनी हळूहळू, साडी सांभाळून, दोन-दोन बोटांनी थोपटलं. विहीणबाईला ही पद्धत फारच आवडली, तिने हात मोकळा सोडला.

आणि तेवढ्यात मागून केदार आला. पुरुषांचं काम नाही हे, पण त्याला कोण थांबवणार? त्याने रुचाच्या पाठीत असा दणदणीत धपाटा घातला की तिच्या बांगड्या वाजल्या.

ती गर्रकन वळली. लाल झालेली. "गाढवा," ती म्हणाली, "बाळ दचकेल ना."

दोन वर्षांतला पहिला शब्द.  केदार तसाच उभा, हात हवेत. म्हणाला, "तू आधी नाव नीट सांग." ती म्हणाली, सांगितलंय, रुही, दोनच अक्षरं आहेत, तुला ऐकू येत नसेल तर कान तपासून घे. तो म्हणाला, दोन वर्षं फोन उचलला नाहीस त्याचं काय? ती म्हणाली, केला होतास का तू एक तरी? मी घाईघाईने सगळ्यांना घुगऱ्या वाटायला घेतल्या आणि ह्या दोघांना स्वयंपाकघरात ढकललं.

पाहुणे गेले. ते आत भांडतायत. ई-मेलचं निघालं, लग्नाचं निघालं, मग लहानपणी कोणी कोणाची सायकल मोडली तेही निघालं. रुचा ओरडतेय. केदार ओरडतोय. मधेच रुचा रडली, मधेच तो रडला असं वाटतंय, मग पुन्हा सायकल. टॅक्सी आली, खाली हॉर्न वाजवत राहिली. विहीणबाई बाल्कनीत गेली, तिला हाताने जा म्हणून सांगून आली आणि रुहीला मांडीवर घेऊन पेपरातले चौकोन भरायला बसली.

मी ह्यांना फोन लावला. तिकडे सकाळ झालेली. हे म्हणाले, कसला आवाज येतोय? मी म्हटलं, ऐका. आणि रिसीव्हर स्वयंपाकघराच्या दाराकडे धरला.

बऱ्याच वेळाने कानाला लावला तर तिकडे श्वासाचा आवाज. हे म्हणाले, "शोभना, अजून थोडं ऐकू दे."

मी पुन्हा दाराकडे धरला.